कूतच्या वेढ्यातील शिधा : सहाव्या (पूना) डिव्हिजनच्या पुरवठा खात्याचे एक वर्ष (मे १९१५ ते एप्रिल १९१६)

प्रस्तावना

लष्करी इतिहासाच्या लेखनात लढायांना जेवढे स्थान मिळते, तेवढे कोठारांना मिळत नाही. मराठी इतिहासलेखनाला मात्र हा विषय अपरिचित नाही. पानिपतच्या मोहिमेची चर्चा करताना गोविंदपंत बुंदेले, अंतर्वेदीतून येणारी रसद, छावणीतील बुणगे आणि अखेरची उपासमार यांचा उल्लेख टाळून कोणालाही पुढे जाता येत नाही. याच दृष्टीने पाहिल्यास पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची मोहीम, आणि विशेषतः कूत-अल-अमारा येथील वेढा, हा पुरवठ्याच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय ठरतो. ज्या सैन्यावर हा प्रसंग ओढवला ते पुण्याच्या नावाने ओळखले जाणारे सहावे डिव्हिजन होते आणि त्यात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री व ११७ वी मराठा या तीन पलटणी होत्या. कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतील शेतकरी कुटुंबांतून आलेले सिपाई या पलटणींत मोठ्या संख्येने होते.

मे १९१५ ते एप्रिल १९१६ या बारा महिन्यांत या डिव्हिजनच्या शिध्याचे काय झाले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. टाउनशेंड या सेनापतीच्या युद्धकौशल्याची चर्चा पुष्कळ झालेली असल्याने ती येथे आवश्यक तेवढीच येईल.

शांतताकाळातील व्यवस्था

१९१४ पूर्वीच्या हिंदी पायदळात सिपायाला शांतताकाळात सरकारी शिधा मिळत नसे. महिना अकरा रुपये पगारातून त्याने आपले पोट भरावे, अशी व्यवस्था होती. पलटणीबरोबर तिचा बाजार असे आणि त्या बाजारात पलटणीचा बनिया कणीक, तांदूळ, डाळ, तूप, मीठमसाला विकीत असे. धान्याचे भाव ठरावीक मर्यादेपलीकडे चढले, तर सिपायाला महागाईबद्दल भरपाई मिळे. जेवण जातवार गट करून शिजविले जाई. सरकारच्या दृष्टीने ही पद्धत स्वस्त होती. शिवाय कोण काय खातो या अवघड प्रश्नात तिला पडावे लागत नसे. परिणामी, कायमचा सरकारी शिधा कसा असावा, त्यात मांस व भाजी किती असावी, याचा पद्धतशीर विचार करण्याचे कारणच पडले नाही.

सरकारी शिधा सुरू होई तो मोहिमेवर निघाल्यानंतर. ते काम पुरवठा व वाहतूक दलाकडे असे. जुन्या कमिसारिएट खात्याचे हे नवे रूप १९०१ मध्ये अस्तित्वात आले होते. मोहिमेवरील हिंदी सैनिकाच्या शिध्यात दररोज सुमारे दीड पौंड कणीक, चार औंस डाळ, दोन औंस तूप, थोडा गूळ आणि मीठ, मिरची, हळद, आले असे जिन्नस येत. मांस कमी आणि तेही रोज नाही. बटाटे कागदावर होते. बसऱ्याच्या उन्हाळ्यात ते टिकविणे ही निराळी गोष्ट. इंग्रज सैनिकाचा शिधा पूर्णपणे वेगळा होता. त्याला पांढऱ्या मैद्याचा पाव किंवा बिस्किटे, मांस, जॅम, चहा, साखर मिळे. अशा रीतीने एकाच डिव्हिजनमध्ये दोन कोठारे, दोन हिशेब आणि दोन स्वयंपाकघरे होती. ही गोष्ट नित्याची असल्याने तिच्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. पुढे मात्र तिनेच दोन वेगवेगळे रोग निर्माण केले.

नदी हाच रस्ता

नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओ येथे उतरलेल्या या सैन्याने त्याच महिन्यात बसरा व डिसेंबरमध्ये कुर्ना घेतले. त्या वेळी मोहिमेचा हेतू मर्यादित होता. एप्रिल १९१५ मध्ये सर जॉन निक्सन सेनापती झाले आणि मोहीम वर सरकू लागली. ३ जून १९१५ रोजी अमारा, २५ जुलै रोजी नासिरिया आणि सप्टेंबरच्या अखेरीस कूत हाती आले. प्रत्येक विजयाबरोबर कोठार आणि चूल यांतील अंतर वाढत गेले. बसऱ्याहून कूत नदीमार्गाने पावणेतीनशे मैलांहून अधिक दूर आहे. पक्का रस्ता नव्हता, लोहमार्ग नव्हता. होती ती केवळ तैग्रिस नदी, आणि तीही उन्हाळ्याच्या अखेरीस उथळ व पावलोपावली वळणे घेणारी.

धान्याचा तुटवडा हिंदुस्थानात नव्हता. मुंबई व कराची बंदरांतून गहू, डाळ, तूप भरलेली जहाजे बसऱ्याला येत होती. अडचण त्यापुढे सुरू होई. बसऱ्याला मोठ्या जहाजांसाठी धक्के नव्हते. माल नदीच्या मध्यावर होड्यांत उतरवावा लागे आणि जहाजे दिवसेंदिवस, पुढे तर आठवडेच्या आठवडे, खोळंबून राहत. उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटी मोजक्याच होत्या. वर जाताना शिधा, दारूगोळा, सरपण व चारा, आणि खाली येताना आजारी व जखमी, हे सर्व त्याच बोटींनी करावयाचे होते. बोटी कमी पडल्या की देशी महेला नावांचा आश्रय घेतला जाई. त्या वाऱ्यावर व दोरीने ओढून चालत.

१९१५ च्या उन्हाळ्यात निक्सन यांनी नव्या बोटींची मागणी केली. त्या प्रत्यक्षात येण्यास एवढा काळ गेला की, डिव्हिजन वेढ्यात सापडण्यापूर्वी त्यांचा उपयोग होऊ शकला नाही. बसरा ते नासिरिया लोहमार्गाचा प्रस्तावही हिंदुस्थान सरकारने खर्चाच्या कारणावरून नाकारला. येथे दोष केवळ कारकुनी विलंबाचा मानता येणार नाही. ज्या सेनापतीने बोटी अपुऱ्या असल्याचे लिहून कळविले, त्यानेच त्या अपुऱ्या बोटींच्या भरवशावर बगदादच्या दिशेने कूच करण्याचा आग्रह धरला. मागणी नोंदविली की पुरवठा झाला, असे समजण्याची ही वृत्ती लष्करापुरती मर्यादित नाही, हे खरे. पण तिची किंमत येथे फार मोठी पडली.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे लढाई जुंपली. डिव्हिजनचे साडेचार हजारांहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. जखमींना नदीपर्यंत आणण्यासाठी पुरवठा खात्याच्या खेचरांच्या गाड्याच काय त्या उपलब्ध होत्या. त्या पोती वाहण्यासाठी केलेल्या, स्प्रिंग नसलेल्या गाड्या होत्या. मोडलेल्या हाडांनिशी त्यांतून मैलोगणती केलेल्या प्रवासाचे आणि ‘मेजिदिया’ बोटीतून जखमी बसऱ्यास पोचले त्या वेळच्या त्यांच्या अवस्थेचे वर्णन पुढे मेजर कार्टर यांच्या साक्षीमुळे ब्रिटनमध्ये गाजले. पुरवठा आणि वैद्यकीय सेवा एकाच वाहनावर अवलंबून ठेवल्याचा हा परिणाम होता.

कोठाराची मोजणी

३ डिसेंबर रोजी थकलेले डिव्हिजन कूतला परतले. तैग्रिसच्या वळणात वसलेल्या या गावात आघाडीसाठी शिध्याचा साठा केलेला होता आणि तेथेच थांबण्याचा निर्णय घेण्यामागे हेही एक कारण होते. ६ डिसेंबरला घोडदळ बाहेर पाठविण्यात आले. त्यामुळे चाऱ्याचा मोठा भार कमी झाला. दुसऱ्या दिवशी वेढा पूर्ण झाला. आत अकरा हजारांहून थोडे अधिक लढवय्ये, सुमारे साडेतीन हजार बिनलढाऊ अनुयायी (भिस्ती, स्वयंपाकी, खेचरे हाकणारे ड्राबी, सफाईवाले) आणि गावचे सुमारे सहा हजार रहिवासी होते. बाहेरगावच्या लोकांना टाउनशेंड यांनी घालवून दिले. मात्र कडाक्याच्या थंडीत बायकामुलांसह रहिवाशांना वाळवंटात लोटण्याचे टाळले. माणुसकीचा हा निर्णय होता. शिध्याच्या हिशेबात मात्र त्याची नोंद व्हावयास हवी होती.

या प्रकरणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग येथे येतो. वेढ्याच्या आरंभी टाउनशेंड यांनी वरिष्ठांना कळविले की, इंग्रज सैनिकांसाठी सुमारे एक महिन्याचा आणि हिंदी सैनिकांसाठी सुमारे दोन महिन्यांचा शिधा शिल्लक आहे. हा आकडा पूर्ण शिध्याच्या दराने काढलेला होता आणि तो सरकारी कोठारातील मालापुरता होता. गावातील व्यापाऱ्यांची वखारे, घरोघरीचे धान्य आणि तीन हजारांच्या आसपास असलेली घोडे व खेचरे त्यात धरलेली नव्हती. शिधा कमी केला तर सैनिकांची शक्ती व मनोधैर्य खचेल या विचाराने डिसेंबर आणि जानेवारीचा बराच भाग पूर्ण शिधा चालू ठेवण्यात आला.

बाहेर बसऱ्याकडून जनरल एलमर यांच्या हाताखाली सुटकेचे सैन्य जमा होत होते. पलटणी तुकड्यातुकड्यांनी येत होत्या, तोफा मागे राहिल्या होत्या, वाहतूक व वैद्यकीय पथके अपुरी होती. थोडे थांबून तयारीनिशी निघावे, असे वाटण्याजोगी ही स्थिती होती. पण कूतमधील दिवस मोजलेले आहेत असा समज असल्याने थांबणे शक्य वाटले नाही. ६ ते ८ जानेवारी शेख साद, १३ जानेवारी वादी आणि २१ जानेवारी हन्ना अशा तीन लढाया पंधरवड्यात झाल्या. या तिन्हींत मिळून आठ हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली आणि कूत होते तेथेच राहिले.

हन्नाच्या पराभवानंतर, जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात, कूतमध्ये घरांची झडती घेण्यात आली. भिंतींत व जमिनीखाली लपविलेले धान्य निघाले. जव आणि तूप यांचा मोठा साठा मिळाला. जनावरांचे मांस हिशेबात धरून टाउनशेंड यांनी २५ जानेवारी रोजी कळविले की, अन्न चौऱ्याऐंशी दिवस पुरेल. त्या दिवसापासून मोजल्यास ही मुदत १८ एप्रिलला संपते आणि प्रत्यक्षात शरणागती २९ एप्रिलला झाली. म्हणजे दुसरी मोजणी बरीच अचूक होती. हीच मोजणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली असती, तर जानेवारीतील घाईला आधार उरला नसता. त्या घाईमागे अन्नाचा प्रश्न एकटाच होता असे नव्हे. दारूगोळा, शत्रूला मिळणारी कुमक आणि नदीचा पूर यांचीही चिंता होती. तथापि शिल्लक दिवसांचा आकडा हा त्या सर्व चर्चेचा कणा होता. टाउनशेंड यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पूर्ण शिध्याच्या धोरणाचे समर्थन केले आहे. परंतु झडती उशिरा का घेतली, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यातून मिळते असे म्हणता येत नाही.

धान्य सापडले तरी ते जव होते, पीठ नव्हते. चक्कीचे दगड विमानातून आणून टाकण्यात आले आणि गावातील चक्क्या चालू झाल्या. आता जवाचा प्रत्येक दाणा माणसाने खावा की जनावराने, हा प्रश्न उभा राहिला. जनावर कापले की त्याचे मांस मिळे आणि त्याचा जवही वाचे.

दोन स्वयंपाकघरे, दोन रोग

जानेवारीच्या अखेरीपासून इंग्रज सैनिकांना घोड्याचे मांस मिळू लागले. हिंदी सैनिकांपैकी बहुसंख्यांनी ते घेण्यास नकार दिला. हिंदू, शीख आणि मुसलमान यांची कारणे भिन्न असली, तरी एक भीती सर्वांना समान होती : जिवंत परत गेल्यावर गावात आपल्या पंगतीला कोण बसेल आणि आपल्या मुलींची लग्ने कशी होतील? हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून परवानगीचे संदेश मिळवून ते बिनतारी यंत्राने कूतला कळविण्यात आले. त्यांचा परिणाम मंदच झाला. परवानगी देणारे धर्माधिकारी आणि जाब विचारणारे भाऊबंद हे एकच नव्हेत, एवढी व्यवहाराची जाण सिपायाला होती.

जवमिश्रित कणकेचे प्रमाण मार्चमध्ये दहा औंसांवर आले, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाच औंसांवर आणि अखेरीस चार औंसांवर. पाच औंस म्हणजे दोन लहान भाकऱ्यांचे पीठ. या टप्प्यावर, जे मांस खाऊन सशक्त राहतील त्यांनाच नेमणुका व बढत्या मिळतील, असे बजावण्यात आले. मग काही दिवसांत हजारो सिपायांनी घोड्याचे मांस स्वीकारले. तोपर्यंत अनेकांची शरीरे अन्न पचविण्याच्या पलीकडे गेली होती. सिपाई खंदकांच्या आसपास उगवलेला रानपाला खुडून शिजवीत. त्यात विषारी वनस्पतीही असत आणि त्या खाऊन काही जण दगावले. भूक मारण्यासाठी अफूच्या गोळ्या देण्यात आल्या. तंबाखूऐवजी चहाची वापरलेली पाने ओढली जात.

वैद्यकीय विभागाचे प्रमुख कर्नल पॅट्रिक हेहिर यांनी या काळात केलेली निरीक्षणे आहारशास्त्राच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. पांढरा मैदा आणि मांस खाणाऱ्या इंग्रज सैनिकांत बेरीबेरी उद्भवली. हिंदी सैनिकांत ती जवळजवळ नव्हती. कणीक व डाळ खाणाऱ्या हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरली आणि तिचे रुग्ण हजारावर गेले. घोड्याचे ताजे मांस खाणारे इंग्रज तिच्यापासून बचावले. पुढे मैदा संपला आणि इंग्रजांनाही जव व कणीक खावी लागली, तेव्हा त्यांच्यातील बेरीबेरी मागे हटली. जणू एकाच गावात, एकाच वेढ्यात, कोणी न आखलेला एक प्रयोग पार पडला. फुंक यांनी ‘व्हिटॅमिन’ ही संज्ञा १९१२ मध्येच सुचविली होती. पण लष्करी शिधा अजून वजनावर व उष्मांकांवर ठरत होता. लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी १९१७ मध्ये सैन्याच्या शिध्यातील कोणत्या जिनसांत या दोन रोगांना रोखणारे घटक आहेत याची मांडणी केली, तीत कूतच्या अनुभवाला स्थान मिळाले. मोड आलेली कडधान्ये स्कर्व्हीवर उपयुक्त ठरतात, हा त्यांचा निष्कर्ष मराठी वाचकाला विशेष वाटेल. डाळीऐवजी अख्खे मूग किंवा मटकी आणि थोडे पाणी, एवढ्यावर हा उपाय होण्यासारखा होता, आणि उसळ ही सिपायाच्या घरातली नित्याची वस्तू होती. याच परंपरेत १९१९ मध्ये चिंच, आमचूर आणि कोकणातील आमसूल यांचीही परीक्षा झाली. ताज्या फळांच्या मानाने त्यांचा गुण कितीतरी कमी ठरला.

आकाशमार्ग आणि ‘जुल्नार’

मार्चमधील दुजैलाचा हल्ला व एप्रिलमधील सन्नाइयातचे हल्ले फसल्यावर शिधा बाहेरून आत टाकणे हाच मार्ग उरला. १५ एप्रिलपासून विमानांतून पोती टाकण्यात आली. वेढ्यातील सैन्याला हवाई मार्गाने अन्न पुरविण्याचा हा जगातील पहिलाच प्रयत्न मानला जातो. दररोज पाच हजार पौंड टाकण्याचे उद्दिष्ट होते. ते साधले असते तरी लष्कराच्या पंधरा हजार माणसांना प्रत्येकी पाच औंसांहून थोडे अधिक मिळाले असते. प्रत्यक्षात दोन आठवड्यांत सुमारे १४० फेऱ्यांमधून एकंदर एकोणीस हजार पौंडांच्या आसपास माल पडला. चार औंसांच्या दराने हे अन्न पाच दिवसांचे होते. काही पोती नदीत, तर काही तुर्की खंदकांत जाऊन पडली.

२४ एप्रिलच्या रात्री ‘जुल्नार’ ही आगबोट २७० टन शिधा घेऊन तुर्की तोफांच्या माऱ्यातून वर निघाली. एवढा माल पोचता तर माणशी चाळीस पौंड अन्न झाले असते. मगासिस येथे नदीत आडव्या बांधलेल्या तारदोरात ती अडकली. तिचे अधिकारी फर्मन व काउली मृत्यू पावले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. शिधा तुर्कांच्या हाती गेला. एका बोटीवर २७० टन आणि सर्व विमानांतून मिळून साडेआठ टन, या दोन आकड्यांत नदीवाहतुकीचे सगळे महत्त्व सामावलेले आहे.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले. अनुयायांसह सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. शुमरान येथील छावणीत त्यांना तुर्की सैन्याची कडक बिस्किटे देण्यात आली. उपाशी आतड्यांना ती मानवली नाहीत आणि पहिल्याच आठवड्यात आतड्यांच्या विकाराने अनेक मृत्यू झाले. गावातील काही रहिवाशांना तुर्कांनी इंग्रजांना मदत केल्याबद्दल फाशी दिले. इंग्रज शिपायांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक कैदेत मेले. नऊ हजारांवर हिंदी कैद्यांपैकी सुमारे अडीच हजार मेले. या कैदेचे हिंदी बाजूने लिहिलेले एक महत्त्वाचे साधन बंगालीत आहे. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी यांचे ‘अभि ले बगदाद’ हे आठवणींचे पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

चौकशी आणि त्यानंतर

ऑगस्ट १९१६ मध्ये नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निक्सन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यावर त्यात कठोर ठपका होता. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि एडविन माँटेग्यू त्यांच्या जागी आले. हिंदी घटनात्मक इतिहासात हा बदल सर्वपरिचित आहे; त्याचे एक मूळ तैग्रिसवरील बोटींच्या तुटवड्यात आहे, याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

दरम्यान मोहिमेची सूत्रे लंडनच्या युद्ध कार्यालयाकडे गेली होती. बसऱ्याला धक्के बांधले गेले, बोटी आल्या, आणि पूर्वी खर्चिक म्हणून नाकारलेला नासिरियाचा लोहमार्ग १९१६ च्या अखेरीस पुरा झाला. तरीही शिध्याच्या रचनेतील दोष लगेच दूर झाला नाही. १९१६ च्या उत्तरार्धात, म्हणजे कूत पडल्यानंतर, मेसोपोटेमियातील हिंदी सैनिकांत स्कर्व्हीच्या रुग्णांची संख्या अकरा हजारांच्या घरात गेली. वेढा नसताना आणि कोठारे भरत असताना हे घडले. तेव्हा कूतमधील स्कर्व्हीचे खापर केवळ सिपायांच्या सोवळेपणावर फोडणे न्याय्य ठरत नाही. ताजी भाजी आणि ताजे मांस शिध्यात पुरेसे नव्हतेच.

जानेवारी १९१७ पासून हिंदी सैनिकाला शांतताकाळातही मोफत सरकारी शिधा मिळू लागला आणि पगारातून पोट भरण्याची जुनी पद्धत संपुष्टात आली. ११७ व्या मराठा पलटणीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला. पुरवठा व वाहतूक दलाचे १९२३ मध्ये इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर असे नामांतर झाले. मोफत शिध्याचा आदेश अमलात आला, त्या वेळी कूतचे हयात सिपाई रास-अल-ऐन व त्या परिसरातील छावण्यांत होते आणि बगदाद लोहमार्गाची माती वाहत होते.